तळं सरकारी, कुलूप कुणाचं?



२० मार्च १९२७ ही तारीख तुमच्यातलं शेंबडं पोरही झोपेत सांगेल. पण ४ ऑगस्ट १९२३ किती जणांना पाठ आहे? त्या दिवशी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी एक ठराव पास करून घेतला. सरकारी पैशानं बांधलेले, सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. ठरावात दया नव्हती, धर्म नव्हता, माणुसकीचा गहिवर नव्हता. साधा वाण्याच्या वहीतला हिशेब होता. पैसा सगळ्यांचा, तर वस्तू सगळ्यांची.

महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली त्यावर आपला ठराव केला. चवदार तळं कागदावर खुलं झालं आणि कागदावरच राहिलं. खरोखरचं पाणी प्यायला बाबासाहेबांना जावं लागलं आणि आपल्या माणसांना डोकी फोडून घ्यावी लागली. पुढं वरच्या जातीचे लोक कोर्टात गेले. तिथं त्यांनी काय सांगितलं? तळं सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे! दहा वर्षं तो खटला चालला. १९३७ साली हायकोर्टात निकाल लागला.

जुना कोळसा उगाळायची मला हौस नाही. आज विद्यापीठा-विद्यापीठांत तेच तळं आहे, तोच ठराव आहे, तोच पहारा आहे. पाण्याच्या जागी कागद आहे, एवढाच फरक.

०

विद्यापीठातलं संशोधन कुणाच्या पैशावर चालतं? प्राध्यापकाचा पगार सरकारी तिजोरीतून. इमारत, वीज, प्रयोगशाळा, सेमिनारचा चहा आणि समोशे, सगळं तिथूनच. ती तिजोरी भरतं कोण? मोबाइलच्या रिचार्जवर जीएसटी भरणारी कचरावेचक बाई भरते. नाक्यावर उभा राहणारा बिगारी भरतो. जोतीबांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं हेच मांडलं होतं: तिजोरी भरते कष्टकऱ्यांच्या घामानं, आणि तिच्यावर शिकून साहेब होतात वरच्या जातींची पोरं. त्याला एकशेचाळीस वर्षं उलटून गेली. आता आपली पोरंही विद्यापीठात शिरली. एम.ए. झाली, एम.फिल. झाली, डॉक्टर झाली. पण तिथं आपल्या पैशानं, आपल्याच वस्त्यांवर जे लिहिलं गेलं, ते बघायला आपल्याच माणसाला आजही अर्ज करावा लागतो.

ऐकीव सांगत नाही. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात कंत्राटावर स्कॅनर चालवतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर पुढच्या महिन्यात कंत्राट नाही. आणि नाव सांगून फरकही पडणार नाही. तुमच्या विद्यापीठात जाऊन बघा, थोड्याफार फरकानं हेच दिसेल. प्रबंधांची एक वेगळी खोली. गोदरेजची कपाटं. बाहेर पाटी: प्रबंध घरी नेता येणार नाही, झेरॉक्स काढता येणार नाही, फोटो काढता येणार नाही. आत जायचं तर विभागप्रमुखाची चिठ्ठी आणा. तुम्ही विद्यार्थी नसाल तर चिठ्ठीही नाही. वस्तीतला कार्यकर्ता, गिरणीतून बाहेर फेकलेला म्हातारा, ज्याच्या आयुष्यावर तो प्रबंध लिहिलाय तोच माणूस, त्याला दारातूनच परत पाठवतात. कारण तो 'संशोधक' नाही! तो फक्त संशोधनाचा विषय आहे.

आणि त्या कपाटांत आहे काय? पोतराजांवरचं काम आहे. मुरळ्यांवरचं आहे. आंबेडकरी जलशांवरचं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांवरचं, गटारात उतरणाऱ्या कामगारांवरचं आहे. लिहिणाऱ्यांतले कितीतरी आपले. बापानं वावरात राबून पाठवलेले पैसे, तुटपुंजी स्कॉलरशिप, होस्टेलच्या खोलीत एका कॉटवर दोघं. तसं राहून गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतलेलं आहे ते. ती म्हातारी माणसं आता मेली. ती बोलली त्याचा एकच पुरावा उरलाय, आणि तो कपाटात वाळवीच्या तोंडी आहे.

त्यातही एम.फिल.चे प्रबंध बघा. आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या किती जणांनी एम.फिल.वरच थांबून नोकरी धरली. घरी तोंडं होती खायला. तेवढंच त्यांचं आयुष्यातलं संशोधन. २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. आता त्या कपाटाकडं ढुंकून बघायला कुणाला कारण उरलं नाही. रद्दीवाल्याचा टेम्पो आला तर पहिला नंबर त्याचाच.

०

यावर इलाज आहे आणि तो आभाळातून पडायचा नाही. त्याला इंग्रजीत ओपन ॲक्सेस रिपॉझिटरी म्हणतात. आपण मुक्त भांडार म्हणू. विद्यापीठात जे संशोधन होतं, प्रबंध, लेख, प्रकल्पांचे अहवाल, ते सगळं एका ठिकाणी संगणकावर ठेवायचं. प्रत्येकाला कायमचा क्रमांक द्यायचा. कुणीही, कुठूनही, फुकट, नाव-गाव-जात न विचारता उघडून वाचावं. लॉगिन नाही, चिठ्ठी नाही, विभागप्रमुख नाही.

ही काही उद्याची गोष्ट नाही. २००२ च्या फेब्रुवारीत बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीनं आणि एचपी कंपनीनं मिळून डीस्पेस नावाची प्रणाली फुकट वाटायला काढली. त्याच्या दोन वर्षं आधी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठानं ईप्रिंट्स काढली होती, तीही फुकट. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सनं २००२ सालीच आपलं भांडार उभं केलं. रूरकेलाच्या एनआयटीनं २००६ साली आपल्या प्राध्यापकांना सक्तीच केली: लिहिलंत, तर इथं ठेवा. म्हणजे अवजार फुकट आहे, नमुना देशात आहे, वीस वर्षं झाली. मग तुमचं विद्यापीठ अजून 'समिती नेमली आहे' का म्हणतं? त्या समितीच्या चहापाण्यात दोन स्कॅनर आले असते!

कुणी म्हणेल, आता शोधगंगा आहे की. आहे. २००९ साली यूजीसीनं नियम केला, पीएच.डी.च्या प्रबंधाची सॉफ्ट कॉपी द्या. २०१६ साली तो आणखी आवळला, पदवी जाहीर करायच्या आधी द्या. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगेवर आज पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. हे काम मोठं आहे आणि ज्यांनी केलं त्यांना आपला सलाम. पण २००९ च्या आधीचं काय? ज्या वर्षांत पँथर जन्मली, ज्या वर्षांत नामांतराचं रान पेटलं, त्या वर्षांवर तेव्हाच लिहिलेले प्रबंध कुठं आहेत? जे विद्यापीठ मनावर घेतं तेच जुनं चढवतं. बाकीच्यांनी हात झटकले. आणि प्राध्यापकांचे लेख, एम.फिल., अहवाल हे शोधगंगेचं कामच नाही. ते विद्यापीठाच्या स्वतःच्या भांडाराचं काम. ते भांडार म्हणजे बहुतेक ठिकाणी उद्घाटनाचा फोटो आणि खाली बंद पडलेला दुवा.

आता आतली गोष्ट सांगतो. ती स्कॅनरवर बसल्याशिवाय कळत नाही. मराठी प्रबंध भांडारात 'असतो', पण सापडत नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी टाइप व्हायची ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटांत. पडद्यावर तुम्हाला 'वेठबिगार' दिसतं, पण यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरांचा नि खुणांचा नुसता पालापाचोळा असतो. तुम्ही 'वेठबिगार' शोधलं की यंत्र म्हणतं, असं इथं कुणी राहत नाही. काही प्रबंध तर नुसते पानांचे फोटो आहेत, त्यात अक्षर म्हणून यंत्राला एकही कळत नाही. शीर्षक इंग्रजी लिपीत चढवलेलं. 'चळवळ' हा एक शब्द चार तऱ्हांनी लिहिलेला मी स्वतः बघितलाय. एका स्पेलिंगनं शोधलं की बाकीचे तीन गायब. आणि विषयाच्या रकान्यात? आपल्या लढ्यावर लिहिलेल्या प्रबंधाला 'समाजकल्याण'. जुन्या कार्डावरून उतरवलेलं 'हरिजन', जसंच्या तसं. ज्या शब्दावर आपण कधीच थुंकलो, तोच शब्द टाकला तरच आपला इतिहास सापडणार!

गाव असतं, गावाला महारवाडा असतो, पण गावच्या पाटीवर त्याचं नाव नसतं. तसंच हे. प्रवेश दिलाय, पत्ता दिलेला नाही. १९२४ च्या महाडच्या ठरावासारखं, कागदावर खुलं.

०

आता पहारेकऱ्यांची कारणं ऐका. मी रोज ऐकतो.

पहिलं कारण: खुलं केलं तर चोरी होईल. अरे, चोरी अंधारात होते की उजेडात? कुलूपबंद प्रबंधातून पानंच्या पानं उचलून दुसऱ्या विद्यापीठात डॉक्टर झालेले लोक काय आकाशातून पडले? कपाटात असताना चोर पकडला जात नाही, कारण मूळ माल कुणी बघितलेलाच नसतो. चव्हाट्यावर आहे ते चोरणं अवघड. एक ओळ टाकली की मूळ मालक समोर येतो. ज्यांना उघडं करायची भीती वाटते त्यांतल्या काहींची भीती वेगळी आहे, ती चोरी होण्याची नसून चोरी सापडण्याची आहे.

बाबासाहेबांचं उदाहरण घ्या. कोलंबिया विद्यापीठाला दिलेला त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवहारावरचा प्रबंध १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सनने छापला आणि रीतसर पदवी १९२७ साली मिळाली. त्या काळी तिथं प्रबंध छापून प्रती जमा केल्याशिवाय पदवी पूर्ण होत नसे. चार लोकांना वाचता येईल असं करा, मग डॉक्टर म्हणवून घ्या, असा त्याचा अर्थ. बाबासाहेबांनी आपलं ज्ञान लपवलं नाही. जगापुढं ठेवलं आणि म्हणाले असतील तर एवढंच, या, खोडून काढा. ज्याच्या पदवीत दम आहे तो प्रबंध कशाला लपवेल?

दुसरं कारण: प्रकाशक मग पुस्तक छापणार नाही. प्रबंधाचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो. पुस्तक येणार असेल तर वर्ष-दोन वर्षं थांबायची सोय प्रत्येक प्रणालीत असते. थांबा की! पण वीस वर्षांपूर्वीच्या प्रबंधाला कुठला प्रकाशक हार घेऊन उभा आहे? आणि मासिकांत छापलेल्या लेखांचं म्हणाल, तर कितीतरी मासिकं लेखकाला आपला अंतिम मसुदा विद्यापीठाच्या भांडारात ठेवू देतात. करार वाचायचे कष्ट घेत नाहीत आणि दोष कायद्याला देतात.

तिसरं कारण दबक्या आवाजात सांगतात: 'दर्जा नाही हो. उघडे केले तर विद्यापीठाची अब्रू जाईल.' आणि हे म्हणताना डोळे कुणाच्या प्रबंधांकडं असतात हे मला दिसतं. राखीव जागेवरच्या पोराच्या. बरं, दर्जा नव्हता तर पदवी दिली कशी? गाईड कोण होता? परीक्षक कोण होते? सही कुणाची? उघडा सगळेच. कोट-टायवाल्यांचेही उघडा, पिढीजात पंडितांचेही उघडा. शेजारी-शेजारी ठेवून लोकांना वाचू द्या. कुणाच्या अंगावर कापड आहे आणि कोण नागडा आहे ते दिसू द्या. आम्ही तयार आहोत. तुम्ही आहात का?

चौथं कारण: पैसा नाही, माणूस नाही. प्रवेशद्वाराची कमान बांधायला पैसा निघतो. दीक्षान्त समारंभाच्या मांडवाला निघतो. स्कॅनरवर बसवलेल्या पोरांना मात्र अकरा महिन्यांचं कंत्राट आणि मग घरी. ज्ञानाच्या कारखान्यातले हे नवे बलुतेदार. पाटलाच्या वाड्यात दिवा लावायचा, पण आपल्या घरात अंधार. भांडार हवं असेल तर ते चालवणाऱ्या माणसाला कायम नोकरी द्या. यंत्र फुकट मिळतं, माणूस फुकट मिळत नाही.

०

हा पहारा फक्त गावपातळीवरचा नाही. त्याच्यामागं जगाचे सावकार आहेत. प्राध्यापक लिहितो सरकारी पगारावर, तपासतो दुसरा प्राध्यापक फुकट, आणि मासिकाचा मालक परदेशातला व्यापारी तो लेख आपल्याच ग्रंथालयाला विकतो. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी नावाचं एक झेरॉक्सचं दुकान होतं. विद्यार्थ्यांना अभ्यासाची पानं काढून देतं म्हणून ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी २०१२ साली त्याला कोर्टात खेचलं. झेरॉक्सवाल्याला! २०१६ साली दिल्ली हायकोर्टानं निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूनं दिला, २०१७ साली सुप्रीम कोर्टानं पुढचं अपील घेतलं नाही. ती लढाई आपण जिंकलो. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच हायकोर्टानं साय-हब बंद करायचा हुकूम दिला. ज्यांच्या विद्यापीठाला मासिकं परवडत नव्हती त्या पोरांची ती मागच्या दाराची वाट होती. मागचं दार बुजलं. आता पुढचं दार उघडून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

सरकार म्हणतं, आम्ही 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलंय. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजुरी दिली. तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास मासिकं. सरकारी संस्थेतल्या पोरांना वाचायला मिळेल, चांगलं आहे, मी त्याला नाकं मुरडणार नाही. पण हिशेब बघा. ६,००० कोटी सावकाराला आणि चावी पुन्हा सावकाराच्याच कमरेला. वर्गणी थांबली की दार बंद. शिकून बाहेर पडलात की दार बंद. वस्तीतल्या कार्यकर्त्याला तर ते कधी उघडलंच नव्हतं. विकतच्या टँकरवर गाव किती दिवस जगवणार? विहीर खोदा. विद्यापीठाचं भांडार ही विहीर आहे.

आणि एक नवा टोलनाका उभा राहिलाय, त्यापासून सावध राहा. मासिकवाले आता म्हणतात, आम्हीही लेख खुला करतो, लेखकानं पैसे भरावेत. 'नेचर'नं २०२१ पासून ही सोय सुरू केली तेव्हा दर होता ९,५०० युरो. म्हणजे आठ लाखांच्या वर. ३७,००० रुपये महिना मिळणाऱ्या ज्युनियर रिसर्च फेलोची जवळजवळ दोन वर्षांची कमाई एका लेखाला! आधी वाचणाऱ्याला बाहेर ठेवत होते, आता लिहिणाऱ्याला बाहेर ठेवतात. दोन्ही वेळी बाहेर कोण, ते सांगायला नको. विद्यापीठाच्या भांडारात ठेवायला पैसे पडत नाहीत. खुलं म्हणजे हे.

०

आता थोडं आपल्यातल्या लोकांना. ऐकायला कडू लागेल.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. मध्ये सोळा वर्षं. घरं जळाली. पोचिराम कांबळे मारले गेले. गौतम वाघमारेंनी १९९३ साली स्वतःला जाळून घेतलं. एवढी किंमत मोजली ती कमानीवरच्या अक्षरांसाठी नव्हती, ज्ञानाच्या घरावर हक्क सांगण्यासाठी होती. मग त्या हक्काचं आपण काय करतो? आपल्यातले प्राध्यापक, रीडर, डीन झालेले लोक, चाळीस-चाळीस लेख छापलेले, त्यांतला एक तरी लेख फुकट वाचायला मिळतो का? सर, जयंतीच्या व्याख्यानात 'शिक्षण हे वाघिणीचं दूध' म्हणून टाळ्या घेता, आणि स्वतःचा प्रबंध मागितला तर 'झेरॉक्स देऊ नका' म्हणता! दूध तुम्हीच पिऊन भांडं उलटं घातलंत की!

आणि आपल्या चळवळीचे कागद? सायक्लोस्टाइल केलेली अनियतकालिकं, मोर्च्याची हँडबिलं, पँथरची पत्रकं कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत, पोटमाळ्यावर. पाऊस आला की शाई फुटते. परदेशी अभ्यासक येतो, गोड बोलतो, पेटी घेऊन जातो. दहा वर्षांनी तेच कागद वाचायला आपल्याला व्हिसा लागतो. विद्यापीठाच्या भांडारात या कागदांना जागा मागितली पाहिजे, आपल्या अटींवर. मूळ प्रत आपल्याकडं, चित्र भांडारात, वाचन सगळ्यांना.

खुलं केल्यानं काय होतं याचा पुरावा आपल्या डोळ्यांपुढं आहे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून काढले, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य झिजवलं. पुढं छपाई रखडली, इतकी की २०२१ साली मुंबई हायकोर्टाला आपणहून दखल घ्यावी लागली. आज ते इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. पोरगं एसटीत बसून मोबाइलवर वाचतंय. कागदाचा साठा गोदामात पडून असेल, पण त्याला आता कुणी 'पुस्तक संपलं' म्हणू शकत नाही. हीच ताकद.

एक मर्यादा मात्र आपणच घालायची. खुलं करायचं म्हणजे आपल्या बायांना पुन्हा चावडीवर उभं करायचं नव्हे. अत्याचारावरच्या प्रबंधांत पीडित बाईचं नाव, गाव, नवऱ्याचं नाव सगळं छापलेलं मी पाहिलंय. बलात्कारित बाईची ओळख उघड करणं गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली. असे प्रबंध चढवायच्या आधी नावं झाकली पाहिजेत, आणि ते तपासायला आपलं माणूस बसलं पाहिजे. सत्ता उघडी करा, जखम उघडी करू नका. पण हे कारण पुढं करून सगळंच कपाट बंद ठेवणारा कुणी निघाला, तर त्याची चलाखी ओळखा.

०

तर करायचं काय? भाषणं पुरे. काम सांगतो.

एक, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं तिकीट लावा आणि आपल्या विद्यापीठाला विचारा: १९७० पासून किती प्रबंध मंजूर झाले? किती भांडारात आहेत? किती एम.फिल.? किती गहाळ? किती मराठी प्रबंध मराठी अक्षरांत शोधता येतात? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर अपील. एका पोरानं एक अर्ज केला तर फाइल सरकते, शंभर पोरांनी केले तर कुलगुरू सरकतो.

दोन, मागणी लेखी द्या. शीर्षक देवनागरीत. सारांश मराठीत, वस्तीतल्या बाईला कळेल असा. जुन्या फाँटातलं युनिकोडमध्ये. फोटोंच्या पानांतून अक्षर काढा. विषयाच्या रकान्यातून 'हरिजन' हद्दपार करा आणि तिथले शब्द आमच्याशी बोलून ठरवा. एम.फिल. आधी घ्या, वाळवी तिथं आधी पोचलीय. प्राध्यापकाच्या बढतीच्या अर्जाला भांडारातला क्रमांक सक्तीचा करा, म्हणजे चाळीस लेख एका रात्रीत चढतात की नाही बघा.

तीन, बोल्यांचा दुसरा ठराव लक्षात ठेवा. पहिल्या ठरावाला कुणी भीक घालत नाही म्हटल्यावर त्यांनी १९२६ साली दुसरा आणला: जी नगरपालिका पाणवठे खुले करणार नाही तिचं अनुदान थांबवा. तेच मागा. जे विद्यापीठ सार्वजनिक पैशानं झालेलं संशोधन सार्वजनिक करत नाही, त्याचं संशोधनाचं अनुदान थांबवा. खिशाला हात लागल्याशिवाय मनं उघडत नसतात.

चार, प्रचार. विद्यापीठं ऑक्टोबरात ओपन ॲक्सेस सप्ताह करतात. एसी हॉल, बॅनर, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, प्रमाणपत्र, घरी. त्यानं काही होत नाही. प्रचार आपण करायचा. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलांची रांग लागते, लाखो लोक पुस्तकं घेऊन घरी जातात. तिथं आपला एक स्टॉल टाका. विकायला काही नको. एक फळा, त्यावर प्रबंधांची यादी, प्रत्येकापुढं क्यूआर कोड. म्हातारा विचारेल, आमच्या तालुक्यावर काही आहे का? शोधून त्याच्या नातवाच्या मोबाइलवर उतरवून द्या. दीक्षाभूमीवर तेच, भीमा कोरेगावला तेच. वस्तीच्या बुद्धविहाराच्या भिंतीवर तो चौकोन चिकटवा. महिन्यातून एकदा एक प्रबंध सगळ्यांनी मिळून वाचा, आणि लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारा, आमच्यावर लिहिलंस, बरोबर लिहिलंस का? त्या दिवशी संशोधनाचा विषय पहिल्यांदा संशोधनाचा परीक्षक होईल. पंडितांना खरी भीती आहे ती या दिवसाची.

येत्या आठवड्यात पहिला अर्ज टाका. तिकीट दहा रुपयांचं. उत्तर आलं की या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, आपण ते जसंच्या तसं छापू. विद्यापीठाच्या नावासकट.

जय भीम.